खांब सडतो तो जमिनीलगत

दसऱ्याला आमच्या वखारीत करवतीची पूजा होते. यंत्राला झेंडूचा हार घालायचा, कामगारांना पेढे द्यायचे, आपट्याची पानं वाटायची. हे सगळं आटोपलं की मी मागच्या अंगणात जाते आणि खांबांना लाथा मारते.

मागच्या भिंतीलगत एका ओळीत आम्ही लाकडी खांब पुरून ठेवले आहेत. एक नुसताच. एकाचं बूड जाळून कोळसा केलेलं. एकाला ट्रकचं जळकं ऑइल पाजलेलं. एक ओला असतानाच डांबर फासलेला. एक गरम तेलात उभा करून थंड केलेला. एका गिऱ्हाइकाचा आग्रह होता की शेंडा खाली आणि बूड वर असा उलटा पुरला की खांब दुप्पट टिकतो, म्हणून एक उलटासुद्धा आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर पत्र्याची टिकली ठोकून पुरल्याचं साल कोरलं आहे. पावसाळा संपला की मी टाचेनं एकेकाला ढोसते. भरीव आवाज आला तर पुढच्या वर्षी भेटू. मोडून पडला तर ती पद्धत गिऱ्हाइकाला सांगणं बंद. उलटा पुरलेला सुलट्याच्याच बरोबरीनं पडला, हेही इथे सांगून टाकते.

पनवेलमध्ये काही लोक मला लाथ मारून लाकूड विकणारी बाई म्हणतात. नाव वाईट नाही. जाहिरातीचा खर्च वाचला.

वखार मूळची माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. नवऱ्याला लाकडापेक्षा कंपनीतली नोकरी बरी वाटायची. अण्णांचे गुडघे गेले तेव्हा मी घरी शिकवण्या घेत होते. रसायनशास्त्राची पदवी होती, तिचा तेवढाच उपयोग चालला होता. "थोडे दिवस गल्ल्यावर बस," असं अण्णा म्हणाले आणि मी बसले. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत.

दोन हजार सालानंतरचा तो काळ. कर्जत, खोपोलीकडे फार्महाउसांचं पीक आलं होतं. मुंबईचा माणूस जमीन घ्यायचा आणि घराच्या आधी कुंपण घालायचा. त्याला कुंपण लाकडीच हवं असायचं, कारण सिमेंटचे खांब त्याला रेल्वेच्या हद्दीसारखे दिसायचे. मग दोन-तीन पावसाळ्यांत ते लाकडी कुंपण आडवं व्हायचं आणि तो मला फोन करायचा. अशा फोनांमधूनच मी हा धंदा शिकले.

खांब का सडतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जमिनीत खोल गेलेलं लाकूड सहसा सडत नाही, कारण तिथे हवा पोचत नाही. वरचं लाकूड भिजतं तसं वाळतंही, म्हणून तेही टिकतं. मरण असतं ते मधे, जमिनीलगत, वीतभर वर आणि वीतभर खाली. तिथे ओल असते आणि हवाही असते, आणि बुरशीला आणखी काही लागत नाही. वाळवी मागाहून येते आणि नाव मात्र तिचं होतं. जुना खांब उपटून पाहा. बूड धड, डोकं धड आणि मधेच पेन्सिलीला टोक काढावं तसा निमुळता. आमचा सगळा खटाटोप त्या दोन वितींसाठी.

त्यासाठी साल पूर्ण सोलायची, खांब सावलीत नीट वाळू द्यायचा. ओल्या लाकडावर डांबर फासणं म्हणजे आत ओल कोंडून वर झाकण लावणं. वाळलेल्या खांबाचं बूड डांबरतेलाच्या पिंपात उभं करायचं आणि खालून जाळ द्यायचा. लाकडातली हवा तापून बुडबुड्यांनी बाहेर पडते. मग जाळ काढायचा आणि खांब तिथेच थंड होऊ द्यायचा. खरं काम थंड होताना होतं. आत झालेली पोकळी तेल ओढून घेते. गरम असतानाच खांब बाहेर काढला तर तो नुसता रंगवल्यासारखा होतो. माणसांना जाळ घालायला आवडतं, वाट पाहायला आवडत नाही, त्यामुळे पिंपाजवळ मी स्वतः खुर्ची टाकून बसायची. शेवटी त्या दोन वितींवर घट्ट डांबराचा जाड पट्टा. पुरताना खड्ड्यात खाली खडी, वर थराथरानं धुम्मसलेली माती आणि खांबाभोवती लहानसा उंचवटा, म्हणजे पाणी थांबत नाही. हे तेल विषारी आहे. विहिरीच्या काठाला किंवा गोठ्यात मी ते लावलेला खांब कधी दिला नाही. कामगारांसाठी हातमोजे आणले होते, ते बरीच वर्षं खिळ्यावर लटकून राहिले. त्याची मात्र खंत आहे.

गिऱ्हाईक नेहमी लालसर गाभ्याचा, चौकोनी तासलेला सुबक खांब मागतं. खैराचा गाभा असेल तर बोलायलाच नको, पण तो आता मिळतो कुठे! सुरूचं किंवा निलगिरीचं लाकूड घ्यायचं तर गोल आणि न तासलेलं घ्यावं. बाहेरचं पांढरं लाकूड तेल पितं, गाभा तोंड उघडत नाही. हे मी शेकडो वेळा सांगितलं असेल, आणि शेकडो लोकांनी "दिसायला चौकोनी बरं" म्हणून चौकोनी नेले.

खोपोलीकडचे एक गृहस्थ गोल खांब घेऊन गेले होते. दोन पावसाळ्यांनंतर जीप घेऊन वखारीत हजर.

"मॅडम, तुमचे खांब सडले."

"कसे पुरले होते?"

"एकदम पक्के. प्रत्येक खांब सिमेंट-काँक्रीटमध्ये."

"मग तुम्ही पुरला नाहीत, पेल्यात उभा केलात. लाकूड आकसतं, सिमेंट आकसत नाही. मधे केसाएवढी फट पडते, पावसाचं पाणी तिच्यात शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते."

"पण मजबुतीसाठी केलं हो."

"सिमेंट अजून आहे ना?"

"आहे."

"मग मजबुती आहे."

गृहस्थ मोकळेपणानं हसले, पुन्हा खांब घेऊन गेले आणि या वेळी मुरमात पुरले. अजूनही दिवाळीत फोन करतात आणि नमस्काराच्या आधी "उभे आहेत" म्हणून सांगतात. दुसऱ्या एकानं खोल खड्डे खणायचा कंटाळा केला आणि खांबांची बुडंच कापून टाकली. जेवढ्या भागावर आम्ही मेहनत घेतली होती तेवढाच नेमका कापला, वर त्याची शेकोटी केली, आणि धुरानं घरच्यांचे डोळे सुजले म्हणून माझ्याशी भांडायला आला.

पण मला सांगायचं आहे ते इस्माईल चाचांच्या कुंपणाबद्दल.

उरण रस्त्याच्या बाजूला, खाडीच्या काठाला कोकणी मुसलमानांची एक लहान वस्ती आहे. इस्माईल चाचा तिथले. तरुणपणी जहाजावर खलाशी होते, मुलगा सलीम कुवेतला. म्हातारपणी त्यांनी वस्तीच्या कबरस्तानाची देखभाल अंगावर घेतली होती. माझी त्यांची ओळख खांबांमुळे झाली नाही, फळ्यांमुळे झाली. त्यांच्यात मयताला कबरीत ठेवल्यावर वर आडव्या फळ्या लावतात आणि मग माती लोटतात, म्हणजे माती थेट अंगावर पडत नाही. त्या फळ्या आमच्या वखारीतून जात. अण्णांनी कोपऱ्यात त्यांची एक चळत कायम तयार ठेवलेली असे, आणि फळ्या न्यायला कोणीही केव्हाही आलं तरी हातातलं काम टाकून त्या आधी द्यायच्या, असा त्यांचा नियम होता.

मी वखारीत नवी होते. पिंपाच्या पद्धतीवर खूश होते. चाचा एकदा फळ्या न्यायला आले तेव्हा मी उत्साहानं म्हटलं, "चाचा, ही आंब्याची फळी थोड्याच दिवसांत भुसा होईल. पुढच्या वेळी तेलात बुडवून देऊ का? वर्षानुवर्षं हलणार नाही."

चाचांनी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सूनबाई, टिकवायची कोणासाठी? आमच्या माणसाला मातीत जायचंय. फळीनं थोडा वेळ आडोसा धरायचा आणि बाजूला व्हायचं. ती दरवाजा अडवून बसली तर कसं चालेल?"

"हिला प्रत्येक लाकूड अमर करायचंय," अण्णा म्हणाले.

"करू दे. कधी तरी लागेल आपल्याला," चाचा म्हणाले आणि दोघे म्हातारे माझ्याकडे बघून हसत राहिले.

त्या दिवसापासून फळ्यांची चळत मी वखारीच्या दुसऱ्या टोकाला हलवली. पिंपाचा वाससुद्धा त्यांना लागता कामा नये.

अण्णा गेल्यानंतर चाचा एकदा आले आणि चळतीकडे न जाता सरळ मागच्या अंगणात, पिंपाजवळ गेले. माझ्या मनात नको ते आलं. "फळ्या हव्यात का?"

"फळ्या नकोत, अल्लाचा शुक्र. खांब पाहिजेत. आता तुझी ती अमर करायची दवा लाव."

कबरस्तानाच्या तीन बाजूंना वस्ती आणि रस्ता होता. चौथी बाजू खाडीकडे उघडी. तिकडच्या पट्ट्यात जुन्या कबरी होत्या, सगळ्या कच्च्या. नावाचे दगड नाहीत, नुसते मातीचे उंचवटे, आणि तेही दर पावसाळ्यात थोडे थोडे बसत जाणारे. चाचांची बायको आमिना त्याच पट्ट्यात होती. एका करंजाच्या झाडावरून अंदाज घेत चाचा तिची जागा ओळखायचे. दुसऱ्या कोणाला ती दिसायची नाही. आजूबाजूच्या जमिनी विकल्या जात होत्या. खाडीकडची जमीन एका बिल्डरनं घेतली होती. आज ना उद्या कोणी तरी त्या पट्ट्यावरून यंत्र फिरवील आणि विचारल्यावर "इथे तर काहीच नव्हतं" म्हणेल, ही चाचांची धास्ती होती. खाडीकाठ असल्यामुळे पक्की भिंत घालायला मनाई. म्हणून कुंपण.

"कळंबोलीच्या लोखंड बाजारातून अँगल आणा की," मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलले.

"आणले होते. खाऱ्या हवेनं खायच्या आधी भंगारवाल्यानं खाल्ले."

खांब आम्ही मन लावून केले. पिंपावर बाळाराम होता. तो गव्हाणचा, अण्णांच्या वेळेपासून आमच्याकडे. पुरायलाही तोच गेला, सोबत वस्तीतले चारसहा जण. चाचा स्वतः धुम्मस घेऊन माती ठोकत होते. प्रत्येक खांबाचा काळा पट्टा अर्धा जमिनीवर आणि अर्धा जमिनीखाली राहील असा बसवला. शेवटचा खांब झाल्यावर मी चप्पल काढली, कुंपणाच्या बाहेरच्या बाजूनं गेले आणि टाचेनं एकेकाला ढोसून पाहिलं.

"लाथ मारून सलाम करणारी पहिलीच बघितली," चाचा म्हणाले.

"वयनीचा आशीर्वाद तसाच असतो," बाळाराम म्हणाला. "आमाला पन मिलतो."

नंतर उरण रस्त्याला गेले की मी मुद्दाम तिकडून जायची आणि एखाद-दुसरा खांब ढोसून यायची. कुंपण उभं होतं. मग वखारीत नवं यंत्र आलं, कामं वाढली, आणि माझं तिकडे जाणं राहिलं. त्याच काळात पनवेलपासून उरणपर्यंत डंपरच डंपर फिरायला लागले. खाडीकाठच्या खाजणात भराव, शेतात भराव, रस्त्यावर थरावर थर. कधी काळी रस्त्यापेक्षा उंच असलेल्या दुकानांना आता दोन पायऱ्या उतरून जावं लागायचं.

मग एक दिवस चाचांचा फोन आला. "सूनबाई, तुझे खांब झुकले."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. त्याच घाण्यातला खांब माझ्या मागच्या ओळीत ताठ उभा होता. दसऱ्याला मी स्वतः ढोसला होता. बाळारामला घेऊन टेम्पोनं निघाले.

खाडीकडचे खांब खरंच बाहेरच्या बाजूला कलले होते. मी एकाला हात लावला तर बुडाशी करकरला. बाळारामनं खांबाच्या तळाशी नखानं कुरतडलं, चिमूटभर भुसा हातावर घेतला आणि चाचांना दिसणार नाही असा झटकला.

"पट्टा कुठे आहे?" मी विचारलं. जमिनीलगत काळं काहीच दिसत नव्हतं.

"तेच बगतंय वयनी. नाय दिसत."

"खण."

त्यानं पहार घातली. आधी लाल मुरूम निघाला. बिल्डरनं त्याच्या जमिनीवर टाकलेला भराव सरकत कुंपणापर्यंत आला होता, आणि पाणी आत तुंबू नये म्हणून वस्तीच्या लोकांनी आतल्या बाजूलाही माती टाकून जागा सारखी केली होती. गुडघाभर खणल्यावर डांबराचा पट्टा लागला. काळा कुळकुळीत, जसा आम्ही फासला तसाच. त्याच्याखालचं लाकूड ठणठणीत. सडलं होतं ते पट्ट्याच्याही बरंच वर, आताच्या जमिनीलगत, जिथे आम्ही औषधाचा थेंबही लावला नव्हता.

"खांब खाली गेला?" चाचांनी विचारलं.

"खांब आहे तिथेच आहे, चाचा. जमीन वर आली."

चाचा खड्ड्यात वाकून बघत राहिले. म्हणाले, "एवढी वर्षं दर्यात काढली. पाणी चढताना खूप पाहिलं. जमीन चढताना आता पाहतोय."

आमच्या धंद्यात लाकूड, पाणी, बुरशी, वाळवी सगळ्यांवर शंका घ्यायला शिकवतात. जमिनीवर शंका घ्यायला कोणी शिकवत नाही. दुसऱ्या कुठल्या गावात हे कळायला जन्म गेला असता. आमच्याकडे काही वर्षांत कळलं.

पण विचार करत बसायला वेळ नव्हता. त्या सगळ्या भागाची सरकारी मोजणी होणार होती. मोजणीवाले येतील त्या दिवशी जिथे कुंपण उभं दिसेल तिथपर्यंत कबरस्तानाचा ताबा, असं चाचांना वस्तीतल्या एका वकिलानं सांगितलं होतं. कुंपण आडवं दिसलं तर करंजापर्यंतचा पट्टा बाहेर, आणि आमिनाबी त्याच पट्ट्यात.

"सगळे उपटते आणि नवे लावते," मी म्हटलं.

"उपटायचा नाही. एकही नाही. एक बोट सरकला तर म्हणतील, मियाँनी कुंपण सरकवलं."

"मग शेजारी दुसरा रोवते, आतल्या अंगाला."

"आत खणायचं नाही. कोण कुठे निजलाय, सगळंच मला माहीत नाही."

"बाहेर खणलं तर बिल्डरच्या जमिनीत खणलं म्हणतील."

"म्हणतील."

बाळाराम पहारीवर हनुवटी टेकून म्हणाला, "आत नाय, बाहेर नाय, उपटाचा पन नाय. चाचा, खांब हवेत लावू का?"

चाचांनासुद्धा हसू आलं. मग त्या दोघांना तसंच बोलत ठेवून मी कुंपणाच्या कडेनं एक चक्कर मारली. रेघेच्या आत खणायचं नाही, बाहेर खणायचं नाही, तर रेघेवरच खणायचं. मोडलेल्या हाताला फळी बांधतात तसं करायचं ठरवलं. प्रत्येक सडक्या खांबाला खेटून, कुंपणाच्याच ओळीत, एक आखूड नवा खांब खोल पुरायचा. त्याला पट्टा खूप उंच लावायचा, जुन्या जमिनीपासून आताच्या जमिनीच्याही वरपर्यंत. जुन्या खांबाचा वरचा धड भाग त्याला बोल्टनं आवळायचा. जुनं बूड मातीत आहे तसंच राहू द्यायचं. बोल्ट मी कळंबोलीहून स्वतः निवडून आणले, जस्त चढवलेले, खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून. मोजणीच्या आधी सगळं कुंपण पुन्हा ताठ झालं. मी माझ्यावर खूश होते.

मोजणीच्या दिवशी चाचांनी मला बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेले. मोजणीवाले साहेब शांत माणूस होते, डोक्याला रुमाल बांधलेला, सोबत साखळी आणि नकाशा. बिल्डरतर्फे एक तरुण आला होता. मुरमातून चालताना त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे होतं. कुंपणाजवळ आल्यावर मात्र त्यानं मान वर केली.

"साहेब, हे कुंपण परवाचं आहे. बोल्ट बघा ना, कसे चमकतायत. जुनं कुंपण पार आत होतं, त्या झाडाच्या पलीकडे."

साहेबांनी चष्मा वर करून बोल्ट पाहिले. "चमकतायत खरे."

चाचांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते बोल्ट मीच चमकणारे आणले होते.

"साहेब, बोल्ट नवे आहेत, खांब जुने आहेत," मी म्हटलं. "खणून बघा."

"मॅडम कोण? वकील?" तरुणानं विचारलं.

"लाकूडवाली."

"हां, म्हणजे ह्यांनीच लावलं. बघा साहेब."

"मीच लावलं. दोन्ही वेळा."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "खणू या. पण कुठला खांब, ते मी सांगणार." आणि त्यांनी पार टोकाचा, खाडीकडचा खांब दाखवला. बाळारामनं पहार घातली. लाल मुरूम निघत गेला. मग रंग बदलला. खाली खाजणाची काळी, चिकट माती लागली, तिच्यात वाळक्या गवताची मुळं अजून धरून होती. आणि त्याच पातळीला जुन्या खांबाचा डांबराचा पट्टा, अर्धा काळ्या मातीच्या वर आणि अर्धा तिच्या आत.

साहेब खड्ड्याशी उकिडवे बसले. पट्ट्यावरून बोट फिरवलं. "एवढ्या खाली कशाला लावलात हा?"

"तेव्हा जमीन इथे होती, साहेब."

"असं कसं!" तरुण घाईनं म्हणाला. "भराव काय आजचा आहे? आम्ही टाकून तीन-चार पावसाळे झाले!"

चाचा अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग खांब त्याच्याही आधीचा झाला ना बाबा?"

तरुणानं पुन्हा बुटांकडे बघितलं. साहेबांनी आणखी एक खांब खणायला लावला, तिथेही तेच. मग त्यांनी कुंपणाच्या रेघेवर साखळी टाकली आणि नकाशात कुंपण आहे तिथे दाखवलं, करंजाच्या बाहेर. निघताना मला एवढंच म्हणाले, "बोल्टला थोडा रंग मारा हो, डोळ्यावर येतात."

पुढे अर्ज झाले, सुनावण्या झाल्या, ते सगळं मला नीट माहीत नाही. रेघ मात्र त्या दिवशी होती तिथेच राहिली. मला नंतर एक गोष्ट लक्षात आली. वरचा सडका खांब आम्ही उपटला असता तर जमिनीतला धड पट्टाही गेला असता. उपटायला मी तयारच होते. चाचांनी नको म्हटलं म्हणून राहिला.

त्यानंतर लाकडी खांबांची गिऱ्हाइकं कमी होत गेली. फार्महाउसवाल्यांनी भिंती घातल्या, शेतकऱ्यांनी सिमेंटचे खांब लावले, आणि खरं सांगायचं तर सिमेंटचा खांब वाईट नसतो. माझं पिंप आता वर्षातून एक-दोनदाच तापतं. मागची ओळ मात्र मी चालू ठेवली आहे.

एका सकाळी वखार उघडत होतो तेव्हा कुवेतहून आलेला चाचांचा सलीम दारात उभा होता. त्याला काही बोलावं लागलं नाही. बाळाराम सरळ वखारीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि चळतीतून फळ्या काढायला लागला. आंब्याच्या, कोऱ्या. टेम्पोत चढवण्याआधी मी एकेक फळी नाकाशी धरली. डांबरतेलाचा वास कशालाच नव्हता.

"वयनी, या किती दिस टिकतील?" बाळारामनं विचारलं.

"लवकर जातील."

"बरं हाय मग."

टेम्पोबरोबर मीही गेले. आत पुरुषमंडळी होती, मी कुंपणाबाहेर खाडीच्या बाजूला उभी राहिले. करंजाजवळ, आमिनाबीच्या शेजारी जागा खणलेली दिसत होती. फळ्या हातोहात आत गेल्या. बाळाराम परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. बोल्टांवरचा रंग आता उडाला होता आणि जस्तही काळवंडलं होतं.

मी चप्पल काढली.

"वयनी," बाळाराम हळूच म्हणाला, "आज तरी नको."

"खांब ढोसलास का, हेच चाचांनी पहिलं विचारलं असतं," मी म्हटलं आणि टाचेनं खांब ढोसला.

आवाज भरीव आला.